बारा वर्षं न लागलेलं कुलूप

मी कुलूप बोलतोय. न्हावऱ्याच्या शिवारात तात्याबांचं घर आहे, त्या घराच्या कोयंड्यात मी अडकलोय आणि आज मला लागून तिसरा दिवस आहे. यात सांगण्यासारखं ते काय, असं तुम्ही म्हणाल. कुलपाचं कामच लागायचं. बरोबर आहे. पण मी या घरात आलो त्याला बारा वर्षं झाली आणि परवाच्या सकाळपर्यंत मी एकदाही लागलो नव्हतो. उतारवयात नोकरी लागलेल्या माणसाला जसं चार जणांना थांबवून सांगावंसं वाटतं, तसं माझं झालंय.

जन्म माझा अलीगडचा. पोलादाचं अंग, पितळेचा मुलामा आणि पोटात सात लिव्हर. ज्या कारागिरानं मला जोडलं त्यानं शेवटी मला कानाशी धरलं, किल्ली दोनदा फिरवली आणि मान हलवली. तेवढीच माझी शाळा. मग खोक्यात भरून, ट्रकमधून हिंदकळत मी शिरूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात येऊन पडलो.

तिथून मला शंभूनं आणलं. शंभू म्हणजे तात्याबांचा मुलगा. घर नुकतंच बांधून झालं होतं. बिजागऱ्या, कडी, कोयंडा घेऊन झाल्यावर त्यानं दुकानदाराला सांगितलं, कुलूप जरा मोठं द्या, घर शिवारात आहे. ते ऐकून माझी छाती फुगली. वाटलं, आपल्यावर मोठी जबाबदारी येणार.

घरी तात्याबांनी मला तळहातावर घेतलं आणि नव्या कोकराचं बघावं तसं वजन बघितलं. "चांगलं हाय," ते म्हणाले. "पन ह्याचं हितं काय काम? घरात कोन ना कोन असतंयच की." आणि त्यांनी मला दाराच्या चौकटीला, बाहेरच्या अंगाला, एका खिळ्यावर अडकवून टाकलं. दोन्ही किल्ल्यांसकट.

त्या खिळ्यावर बारा वर्षं गेली. मला अगदीच बसवून ठेवलं असं नाही. तात्याबांची घरधनीण सगुणाबाई माझ्या बुडानं चहाचं आलं ठेचायची. सून सुषमा शिवणकाम करते. कापड बेतताना ते वाऱ्यानं उडू नये म्हणून मला त्यावर ठेवायची. नात हर्षदा रांगत होती तेव्हा किल्ल्यांसकट मला तिच्या हातात द्यायचे, की पोर गप्प. सात लिव्हरचा गडी मी, खुळखुळा झालो. पण खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडले.

मी लागत नव्हतो याला कारण या घरची रीत. तात्याबांची उमर मेंढरांमागं गेली. आज या माळावर, उद्या त्याच्या शेतात. मेंढरं जाळीच्या वाघरीत कोंडली तरी राखणीला घरचं माणूस लागायचंच. त्यामुळं लग्न असो, मयत असो, जेजुरी असो, नवरा-बायकोतलं एकच जण जायचं. एकदा ते, एकदा ती. त्याला ते 'बारी' म्हणायचे. पुढं शंभूला रांजणगावच्या कंपनीत काम लागलं, कळप विकला, हे घर उभं राहिलं. मागं उरल्या सात मेंढ्या. कळप गेला, पण बारी काही गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी रोज डोळ्यांनी बघत होतो.

यंदा दसरा झाला आणि घरात एक नवंच खूळ आलं. शंभूच्या हाताखालचा हनुमंत पोराबाळांना घेऊन खोपोलीकडच्या एका मोठ्या पार्कात जाऊन आला होता. डोंगरात पसरलेला पार्क, ढगाला शिवणारे पाळणे, समुद्रासारख्या लाटा येणारं तळं, आणि राहायला आतच हॉटेल. त्याचे व्हिडिओ हर्षदानं इतक्या वेळा बघितले की त्यातलं गाणं मला पाठ झालं. दिवाळीच्या सुट्टीत आपणही जायचं, दोन रात्री राहायचं, असं ठरलं.

या घरात मोबाईलला रेंज फक्त उंबऱ्यावर येते, म्हणजे बरोबर माझ्या खाली. त्यामुळं सगळा बेत माझ्या साक्षीनं शिजला. हर्षदा सहावीत आहे, पण बेत आखण्यात आमदाराच्या वरताण. पहिल्या दिवशी कुठला पाळणा, दुसऱ्या दिवशी कुठला, कुठं रांग कमी असते, सगळं तिनं वहीत उतरवलं. काही पाळण्यांना साडेचार फूट उंची लागते म्हणून रोज सकाळी चौकटीला टेकून स्वतःला मोजायची. एका रात्रीत वाढते की काय, देव जाणे.

मग एके दिवशी शंभूनं बुकिंगसाठी फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलत होती. तिनं विचारलं, घरात माणसं किती. शंभू म्हणाला, पाच. खोलीत किती राहणार? शंभू म्हणाला, चार. बाई म्हणाली, "सर, पाचव्यांना बरं नाहीये का?"

बरं हाय की, घरी राहत्यात, असं काहीतरी पुटपुटून त्यानं फोन ठेवला आणि तसाच उंबऱ्यावर बसून राहिला. चार म्हणताना त्याला काही वाटलंच नव्हतं. शेजारी उभ्या सुषमालाही वाटलं नव्हतं. खरं सांगतो, मलासुद्धा वाटलं नव्हतं. माणसं पाच आणि बुकिंग चौघांचं, ही चूक आमच्याच घरात व्हायची.

बरं, ते चौथं माणूस कोण हेही ठरलेलं नव्हतं. संध्याकाळी त्यावरून जुंपली. तात्याबा म्हणाले, मी शिमग्यानंतर वढू बुद्रुकला दर्शनाला जाऊन आलो, आता बारी हिची. सगुणाबाई म्हणाली, माझी बारी झालीय, केडगावला डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन दिवस बाहेरच होते की मी. खाटेवर पडून, आयतं जेवून.

हर्षदा खो खो हसली. दवाखान्याची पण बारी धरतात का, म्हणाली. मग भांडण मिटवायला तिनं वहीचं मागचं पान उघडलं, मधे रेघ मारली, एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला आजी, आणि कोण कुठं गेलं ते विचारून लिहायला लागली. जेजुरी, आबा. चाकणचं लग्न, आबा. आत्याचं बाळंतपण, आजी. पान भरत आलं. तिनं पेन्सिल थांबवली आणि विचारलं, "आता दोघं मिळून कुठं गेला ते सांगा. ते मी मधी लिहिते."

तात्याबा म्हणाले, "लग्नात हुतो की." सगुणाबाई चुलीवरचं दूध बघायला म्हणून उठून आत गेली. चुलीवर दूध नव्हतंच. मला दारातून सरळ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शंभूनं परत फोन लावून बुकिंग पाचाचं केलं. त्याच खोलीत पाचवी गादी वाढवून मिळणार होती. तात्याबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मेंढ्या कोण बघणार? झालं. ज्या घरात सात मेंढ्यांवर सगळं अडतं, तिथं गादीला कोण विचारतो.

इथून सगुणाबाईचा बेत सुरू झाला. पोरांचा बेत मोबाईलवर चालला होता, हिचा पायांवर. बांधापलीकडं आनंदराव आणि विठाबाई राहतात, मोठे बागायतदार. त्यांना मोकळ्या पडलेल्या रानात कांदा लावायचा होता. कांद्याआधी रानात मेंढरं बसवली की लेंडीचं खत फुकटात मिळतं, हे या भागात शेंबडं पोर पण सांगेल. आणि तात्याबांचा पुतण्या बिरदेव अजून दोनशे मेंढरं घेऊन फिरतो. सगुणाबाईनं विठाबाईच्या कानात गोष्ट घातली, विठाबाईनं आनंदरावांच्या, आणि आनंदरावांनी बिरदेवाला नेमक्या त्याच दोन रात्री मेंढरं बसवायला बोलावलं. ही कल्पना आपलीच, असं आनंदरावांना अजूनही वाटतं.

बिरदेव येऊन दारात उभा राहिला. "आबा, तुमच्या सात माझ्यात सोडा. मी हितंच बांधापल्याड हाय. दोनशेला सात काय जड न्हाईत." तात्याबांनी बायकोकडं बघितलं. ती धान्य पाखडत होती, तिनं मान वर केली नाही.

मग तात्याबांनी शेवटचं हत्यार काढलं. घर उघडं टाकायचं का? शंभूनं हात वर करून माझ्याकडं दाखवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा सगळं घर एकदम माझ्याकडं बघत होतं. मी जागच्या जागी ताठ झालो. पण तात्याबा म्हणाले, "कुलूप लावलेलं घर ओसाड दिसतं. ते मला बघवायचं न्हाई. तुम्ही चौघं जावा, मी हाय हितं." आणि ते निघून गेले. मला राग आला नाही असं कसं म्हणू? पण रागापेक्षा सगुणाबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं, ते मला जास्त लागलं.

तिनं तयारी मात्र सोडली नाही. त्या तळ्यात लुगडं चालत नाही, नायलॉनचे कपडे लागतात, असं नियमात लिहिलं होतं. सुषमानं सासूसाठी निळ्या नायलॉनचा पायघोळ ड्रेस शिवला. तो घालून सगुणाबाई आरशासमोर उभी राहिली, हसू आलं म्हणून तोंडाला पदर लावायला गेली, तर पदरच नाही. मग सासू-सून दोघी भिंतीला टेकून हसत बसल्या. हसता हसता सगुणाबाई म्हणाली की हे ध्यान बघायला ते पाहिजे होते.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या. शंभू कामावर होता, सुषमा आणि हर्षदा आत चकल्या डब्यात भरत होत्या. तात्याबा ओट्यावर बसून दोरी वळत होते. सगुणाबाई आली आणि माझ्याखाली उंबऱ्यावर बसली. एरवी ती त्यांच्यासमोर अशी निवांत बसत नाही. मग ती जे बोलली ते शंभूलाही आजवर माहीत नव्हतं.

लग्नाला दुसरं वर्ष होतं. तिचं माहेर दौंडाजवळ. भावाच्या पोराचं जावळ होतं म्हणून दोघं मिळून गेले, एका रात्रीपुरते. मेंढरं एका गड्याच्या भरवशावर सोडली होती. त्याच रात्री लांडगे आले आणि अकरा मेंढ्या फाडून गेले. तात्याबा तेव्हा तिला एका शब्दानं बोलले नाहीत. पण त्यानंतर दोघांनी मिळून जाऊ, हे त्यांनी कधी म्हटलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. माहेरीसुद्धा ती एकटीच जात राहिली.

"तुम्ही मला कवा बोल लावला न्हाई," ती म्हणाली. "माझा मीच लावून घेतला. माझ्या माहेरापायी झालं म्हणून."

तात्याबांच्या हातातली दोरी थांबली. "तुझं काय चुकलं हुतं त्यात? मीच त्या गड्यावर ईसंबलो."

"मग ऱ्हाऊ द्या. अकरा मेंढ्या लांडग्यांनी नेल्या. पन त्यापायी चव्वेचाळीस वर्सं आपन कुनाला दिली?" तिनं जवळच्या पिशवीचा बंद ओढून घेतला. "मला ते पाळणं बघायचं न्हाईत. गाडीत तुमच्या शेजारी बसायचं हाय मला. गाडी कुठंबी जाऊ दे."

तात्याबा उठले, पागोटं नीट केलं आणि मेंढ्यांकडं गेले. बराच वेळ तिथंच कुंपणाला हात टेकून उभे होते. सगुणाबाई उंबऱ्यावरून हलली नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मी आयुष्यभर खिळ्यावरच राहणार याचं मला त्या वेळी काही नव्हतं. तिच्याकडं बघवत नव्हतं.

ते परत आले आणि दारातूनच त्यांनी हर्षदाला हाक मारली. "त्या पार्कात घोंगडी चालती का गं?"

हर्षदानं तेलकट हात पुसून मोबाईलवर सगळे नियम वाचून काढले. चालत नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

"मग पाचवी गादी नगं म्हनावं त्यांना," तात्याबा म्हणाले. "मी माझं बघतो."

परवा सकाळी भाड्याची गाडी आली. सात मेंढ्या बिरदेवाच्या मेंढरांत मिसळल्या आणि मागं वळूनही न बघता चरायला लागल्या. मग माझी वेळ आली. शंभूनं मला कोयंड्यात घातलं, दाबलं, पण बारा वर्षांचा गंज, मी हलेना. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुषमानं शिलाई मशीनचं तेल आणून चार थेंब माझ्या पोटात सोडले. शंभूनं परत दाबलं आणि मी खट्टकन लागलो. काय सांगू तुम्हाला. त्या एका आवाजासाठी मी घडलो होतो.

तात्याबांनी मला ओढून बघितलं, दोनदा. मग किल्ली घेतली आणि शेजारच्याच खिळ्यावर, सगळ्यांना दिसेल अशी, अडकवली. शंभूनं कपाळाला हात लावला. "आबा, किल्ली हितं ठिवायची तर कुलूप कशाला लावलं?"

"कुलूप लांडग्याला," तात्याबा म्हणाले. "बिरदेवाला पानी लागंल, किल्ली त्याला."

तात्याबा नेहमीच्या सवयीनं ड्रायव्हरशेजारी बसायला गेले. सगुणाबाई मागं खिडकीशी बसली होती. त्यांनी एक पाय आत टाकला, काढला आणि मागं जाऊन तिच्याशेजारी बसले. पुढं हर्षदा बसली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी, घर, अंगणातली रिकामी बाज, एवढेच उरलो.

हे तीन दिवस कसे गेले म्हणता? पहिल्या दिवशी भीती वाटली. हे घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. बिरदेव एकदा येऊन कळशी भरून घेऊन गेला आणि मला परत नीट लावून गेला. काल कडुसं पडताना, दिवेलागणीला, विठाबाई आली. तिला काही काम नव्हतं. नुसती माझ्यासमोर उभी राहिली. बांधावरून आनंदरावांनी हाक मारली, तशी तिनं विचारलं, "आपल्या घराला कुलूप कवा लागलं हुतं वो?" आनंदराव तिकडं उभे राहून आठवत राहिले. मग दोघं घरी गेले.

तुमच्याही घरात कुठल्यातरी खिळ्यावर, नाहीतर खणात खिळ्या-मोळ्यांबरोबर, माझा एखादा भाऊबंद पडला असेल. लोक म्हणतात, घराला कुलूप लागू नये. तेही खरंच आहे, कायमचं लागू नये. पण वर्षातून एकदा तरी त्याला तेल द्या आणि लावा. मागं कोण राहणार, हा प्रश्न एकदा तरी सोडून द्या आणि सगळे मिळून जा. पार्कात जा, नाहीतर पुढच्या गावच्या बाजाराला जा. आमची काही तक्रार नाही. आम्ही थांबतो.

हे बोलतोय तोवर गाडीचा आवाज आला बघा. उन्हं कलली आहेत. गाडी अंगणात थांबली. तात्याबा आधी उतरले, खांद्यावर घोंगडी, कपडे चुरगळलेले, चेहरा उन्हानं रापलेला. त्यांनी घराकडं बघितलं आणि दोन पावलांवर थबकले.

ते का थबकले ते मला कळलं. इतकी वर्षं ते कुठूनही परतले की ती समोर उभी असायची. आधी वाघरीशी, मग या दारात. घरी येणं म्हणजे त्यांना तेवढंच माहीत होतं.

"दारात कुनी न्हाई," ते हळूच म्हणाले, स्वतःशीच.

मागून सगुणाबाई पिशवी घेऊन आली आणि त्यांच्याशेजारी उभी राहिली. "कसं असंल? मी तुमच्यासंगं हाय न्हवं."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. बघतच राहिले. शंभू गाडीतलं सामान उतरवत होता, हर्षदा मेंढ्या मोजायला बांधाकडं पळाली होती. तात्याबांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि बायकोच्या हातात दिली. तू उघड, म्हणाले.

तिनं या घराचं कुलूप आजवर कधी उघडलं नव्हतं. किल्ली ती माझ्यात घालत होती, आणि ते तिच्या अगदी खांद्याशी उभे होते. तेलानं मी मोकळा झालो होतो, एका फिरकीत उघडलो असतो. मी मुद्दाम थोडा वेळ लावला.